रूढ मताशी असहमती : धर्म, तत्त्वज्ञान आणि सार्वजनिक जीवन यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सर्वमान्य मताच्या विरुद्ध उभे राहणाऱ्याला कोणी वीर म्हणते, कोणी तऱ्हेवाईक. या दोन्ही विशेषणांनी त्याच्या म्हणण्याचा विचार करण्याचे काम टळते. पुढील उत्तरांत तो विचार करण्याचा प्रयत्न आहे. असहमतीचे मोल ती पुढे बरोबर ठरते की नाही यावर नसून, ती कोणती कारणे देते आणि विरुद्ध बाजूच्या कारणांना कसे सामोरे जाते यावर असते, ही त्यामागची भूमिका आहे.

बहुसंख्य लोक एखादी गोष्ट मानतात, एवढ्यावरून ती खरी धरावी का?

धरू नये, पण एवढ्यावरून ती खोटीही धरू नये. फ्रेंच गणितज्ञ कोंदोर्से याने १७८५ मध्ये या प्रश्नाला गणिती रूप दिले. होय किंवा नाही असे उत्तर असलेल्या प्रश्नावर प्रत्येक मतदार बरोबर असण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जरी अधिक असेल आणि प्रत्येकाने आपले मत स्वतंत्रपणे बनवले असेल, तर मतदारांची संख्या वाढेल तशी बहुमत बरोबर असण्याची शक्यता वाढत जाऊन जवळजवळ खात्रीपर्यंत पोहोचते. उलट, प्रत्येक जण चुकण्याची शक्यता निम्म्याहून अधिक असेल, तर संख्येबरोबर चूकच पक्की होत जाते.

या सिद्धान्तातील ‘स्वतंत्रपणे’ ही अट बहुधा विसरली जाते. हजार माणसांनी एकाच अधिकारी व्यक्तीचे ऐकून मान डोलावली असेल, तर तेथे हजार मते नसतात. म्हणून रूढ मताचा विचार करताना ते किती जण मानतात यापेक्षा त्यांच्यापर्यंत ते कसे पोहोचले, हे विचारणे अधिक उपयोगी ठरते. वेगवेगळ्या मार्गांनी, वेगवेगळ्या पुराव्यांवरून अनेक लोक एकाच निष्कर्षाला आले असतील, तर त्या निष्कर्षाविरुद्ध बोलणाऱ्यावर पुराव्याचा भार मोठा असतो, आणि तो तसा असणे न्याय्यच आहे.

सर्व जण एका बाजूला असताना वेगळे बोलणे इतके कठीण का जाते?

मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला केलेले प्रयोग यावर प्रकाश टाकतात. दाखवलेल्या एका रेषेइतक्याच लांबीची रेषा तीन रेषांमधून ओळखायची, इतके साधे काम होते. गटातील एक सोडून बाकीचे सर्व जण प्रयोगकर्त्याने आधीच शिकवून ठेवलेले होते आणि ठरलेल्या फेऱ्यांमध्ये ते एकमुखाने उघड चुकीचे उत्तर देत. त्या फेऱ्यांमध्ये खऱ्या सहभागींची सुमारे एक तृतीयांश उत्तरे गटाच्या चुकीच्या उत्तराशी जुळणारी आली, आणि सुमारे तीन चतुर्थांश सहभागी किमान एकदा तरी गटाच्या मागे गेले.

हा प्रयोग माणसाच्या मेंढरूपणाचा पुरावा म्हणून सांगण्याची पद्धत पडली आहे. मात्र उरलेली दोन तृतीयांश उत्तरे गटाचे दडपण असूनही बरोबर होती, हे त्या सांगण्यात गळून जाते. याहून महत्त्वाचा भाग वेगळाच आहे. गटातील आणखी एकाने जरी बहुमतापेक्षा निराळे उत्तर दिले, तरी गटाच्या मागे जाण्याचे प्रमाण झपाट्याने घटत असे, मग त्या दुसऱ्याचे उत्तर स्वतः चुकीचे का असेना. एकमत मोडले जाण्याचा हा परिणाम पाहता, असहमत माणूस स्वतः चुकत असला तरी इतरांना आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवण्याची मोकळीक देऊन जातो, असे म्हणण्यास आधार आहे.

‘गॅलिलिओलाही लोकांनी वेड्यात काढले होते’ हा युक्तिवाद कितपत टिकतो?

मुळीच टिकत नाही, आणि तो वारंवार केला जात असल्यामुळे त्याचा सविस्तर विचार करणे आवश्यक आहे. ज्यांची खिल्ली उडवली गेली आणि जे पुढे बरोबर ठरले त्यांची नावे इतिहास लक्षात ठेवतो. ज्यांची खिल्ली उडवली गेली आणि जे खरोखरच चुकले होते, त्यांची संख्या कितीतरी मोठी असूनही ती नावे कोणाला आठवत नाहीत. त्यामुळे केवळ उपहास वाट्याला आल्याने कोणताही दावा बळकट होत नाही.

खुद्द गॅलिलिओचे उदाहरण तर या युक्तिवादाच्या विरुद्धच जाते. १६३३ मध्ये रोमच्या धर्मन्यायालयाने त्याला पृथ्वी फिरते हे मत मागे घेण्यास भाग पाडले, हा अन्याय होता याबद्दल आज दुमत नाही. पण पृथ्वीच्या गतीचा जो पुरावा त्याला सर्वांत निर्णायक वाटत होता, तो समुद्राच्या भरती-ओहोटीचा पुरावा चुकीचा होता. भरतीमागे चंद्र असल्याची केप्लरची कल्पना त्याने झटकून टाकली होती. शिवाय, पृथ्वी सूर्याभोवती फिरत असेल तर ताऱ्यांच्या स्थानात वर्षभरात सूक्ष्म फरक दिसायला हवा, हा विरोधकांचा आक्षेप शास्त्रीयदृष्ट्या रास्त होता. तो फरक मोजण्यात बेसेल या खगोलशास्त्रज्ञाला यश आले ते १८३८ मध्ये. म्हणजे निष्कर्ष बरोबर, एक मुख्य कारण चूक, आणि विरोधकांचा एक आक्षेप दोन शतकांहून अधिक काळ अनुत्तरित, अशी ती गुंतागुंत आहे.

आल्फ्रेड वेगेनर यांची कथाही अशीच आहे. खंडे सरकतात हा विचार त्यांनी १९१२ मध्ये मांडला. किनाऱ्यांचे आकार, दूरदूरच्या खंडांवर सापडणारे सारखे जीवाश्म आणि जुळणारे खडकांचे थर हा त्यांचा पुरावा भक्कम होता. परंतु खंडांना सरकवणारी म्हणून त्यांनी जी बले सुचवली होती ती त्या कामाला फारच अपुरी आहेत, हे भूभौतिकशास्त्रज्ञांनी गणिताने दाखवून दिले. त्यांचे १९३० मध्ये ग्रीनलंडच्या मोहिमेत निधन झाले आणि सागरतळाच्या चुंबकीय नोंदींमुळे त्यांचा मूळ विचार मान्य झाला तो १९६० च्या दशकात. व्हिएन्नातील डॉक्टर इग्नाझ झेमेलवाइस यांनी १८४७ मध्ये प्रसूतिकक्षात क्लोरीनयुक्त द्रावणाने हात धुण्याची सक्ती केली आणि बाळंतिणींचे मृत्यू एकदम घटले. तरीही आपले विवेचन ग्रंथरूपाने मांडण्यास त्यांनी १८६१ साल उजाडू दिले आणि नंतर विरोधकांवर जाहीर पत्रांतून जहरी टीका केली. सहकाऱ्यांचा आडमुठेपणा खराच होता, पण आपले म्हणणे नीट मांडण्याची जबाबदारीही असहमत व्यक्तीवर असतेच.

विरुद्ध मताला सामोरे जाण्याची चांगली पद्धत कोणती?

भारतीय दर्शनांमध्ये ती जुनीच आहे. आधी प्रतिपक्षाचे म्हणणे पूर्वपक्ष म्हणून मांडायचे, मग त्याचे खंडन करायचे आणि शेवटी आपला सिद्धान्त सांगायचा. या शिस्तीत पूर्वपक्ष दुबळा मांडणे ही मांडणाऱ्याचीच नामुष्की मानली जाते, कारण दुबळ्या पूर्वपक्षाच्या खंडनाने सिद्धान्ताला काहीच बळ मिळत नाही.

अर्थात या पद्धतीची मर्यादाही त्याच परंपरेत दिसते. वेदप्रामाण्य, परलोक आणि आत्मा हे तिन्ही नाकारणाऱ्या चार्वाकांचे विचार आज आपल्याला मुख्यतः त्यांच्या विरोधकांच्या ग्रंथांतून माहीत आहेत. चौदाव्या शतकातील माधवाचार्यांचा ‘सर्वदर्शनसंग्रह’ चार्वाकमतापासूनच सुरू होतो, पण तो पुढे खोडून काढण्यासाठी. जयराशी भट्टाचा ‘तत्त्वोपप्लवसिंह’ हा चार्वाकांशी जोडला जाणारा, सर्वच प्रमाणांवर म्हणजे ज्ञानाच्या साधनांवर शंका घेणारा ग्रंथ छापला गेला तो १९४० मध्ये. प्रतिस्पर्ध्याने प्रामाणिकपणे मांडलेला पूर्वपक्षही मूळ वक्त्याच्या तोंडून ऐकण्याची बरोबरी करत नाही, ही इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८५९ मध्ये नोंदवलेली सूचना येथे तंतोतंत लागू पडते.

धर्मात राहून धर्माशी मतभेद ठेवता येतो का?

येतो, आणि बहुतेक धर्मांचा इतिहास अशाच मतभेदांनी घडलेला आहे. १५२१ मध्ये जर्मनीतील वर्म्सच्या सभेत ख्रिस्ती धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर याने आपले लेखन मागे घेण्यास नकार दिला तो धर्मग्रंथ आणि स्वतःची सद्सद्विवेकबुद्धी यांचा हवाला देऊन. परंपरेतीलच सर्वोच्च मूल्याचा आधार घेऊन परंपरेच्या रखवालदारांना प्रश्न विचारणे, ही आतून केलेल्या असहमतीची ओळख आहे. तिचा फायदा असा की ऐकणाऱ्यांना तिची भाषा समजते. तोटा असा की ज्या आधारावर ती उभी असते त्या आधारालाच ती सहसा प्रश्न विचारू शकत नाही.

दुसरा मार्ग बाहेर पडण्याचा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ मध्ये महाडला पाण्याच्या हक्कासाठी आणि १९३० पासून नाशिकला मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह केले. १९३५ मध्ये येवल्याला त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. घोषणा आणि दीक्षा यांच्यामध्ये एकवीस वर्षांचा अभ्यास आहे. आतून सुधारणेचा प्रयत्न, त्याला मिळालेला नकार आणि मग विचारपूर्वक केलेला त्याग, हा क्रम पाहिला की बाहेर पडणे म्हणजे पळ काढणे असा आरोप करता येत नाही.

तिसरी शक्यता म्हणजे समाजानेच बाहेर काढणे. २७ जुलै १६५६ रोजी ॲम्स्टरडॅमच्या ज्यू समाजाने पुढे तत्त्वज्ञ म्हणून गाजलेल्या तेवीस वर्षांच्या स्पिनोझाला बहिष्कृत केले. त्या ठरावात शापवचने भरपूर आहेत, पण त्याची नेमकी कोणती मते आक्षेपार्ह होती याचा उल्लेख नाही. कारण न देता दिलेली शिक्षा ही शिक्षा देणाऱ्याच्या बाजूचेच दौर्बल्य दाखवते.

श्रद्धेवर टीका केल्याने भावना दुखावत असतील, तर टीका टाळावी का?

दावा आणि माणूस यांत फरक करता येतो आणि तो करायला हवा. अमुक ग्रंथ अपौरुषेय आहे किंवा अमुक विधीने पाप धुतले जाते, हे दावे आहेत आणि त्यांची तपासणी होऊ शकते. तो ग्रंथ मानणारे लोक हीन आहेत, असे म्हणणे ही तपासणी नव्हे. मात्र पहिल्या प्रकारानेही भावना दुखावतातच, हे प्रामाणिकपणे मान्य करावे लागते, कारण पुष्कळांच्या बाबतीत श्रद्धा आणि स्वत्व यांची वीण सहज वेगळी होत नाही. दुखावणे हा टीका थांबवण्याचा निकष ठरवला, तर जो अधिक लवकर संतापतो त्याच्या श्रद्धेला अधिक संरक्षण मिळते. हा निकष संतापाला बक्षीस देणारा आहे, म्हणून तो चालत नाही. टीकाकाराने नेमक्या दाव्यावर बोलावे, आणि दुखावणे हाच आपला हेतू तर नाही ना, हे स्वतःला विचारावे, एवढी अपेक्षा योग्य आहे.

सोळाव्या शतकातील धर्मपंडित सेबॅस्टियन कास्टेलियो याचे म्हणणे या संदर्भात आठवते. १५५३ मध्ये मिगेल सर्वेटस याला पाखंडी ठरवून जिनिव्हात जिवंत जाळण्यात आले, तेव्हा त्या शिक्षेचे समर्थन करणारा तेथील धर्मसुधारक कॅल्व्हिन याला उत्तर देताना कास्टेलियोने लिहिले की माणसाला मारल्याने सिद्धान्ताचे रक्षण होत नाही, केवळ माणूस मारला जातो. सर्वेटसची मते पटतात की नाही, हा प्रश्नच त्याने बाजूला ठेवला होता.

असहमत राहण्याची किंमत कोणी मोजावी?

ती बोलणाऱ्यालाच मोजावी लागते, हे वास्तव आहे. ती तशी असावी असे नाही. र. धों. कर्वे यांना संततिनियमनाच्या प्रचारामुळे प्राध्यापकाची नोकरी सोडावी लागली. १९२७ पासून १९५३ मध्ये निधन होईपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले आणि अश्लीलतेचे खटले सोसले. आज सरकारी आरोग्यकेंद्रांतून जे सल्ले दिले जातात, त्यांतील बरेचसे त्यांच्या काळी न्यायालयात खेचण्यास पुरेसे होते.

न्यायालयात अल्पमताचा निकाल लिहून काय साधते? तो लागू तर होत नाही.

त्या दिवशी काहीच साधत नाही. १८९६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेतील वर्णभेद वैध ठरवला तेव्हा सातविरुद्ध एक असे मत होते आणि तो एक म्हणजे न्यायमूर्ती जॉन मार्शल हार्लन. शाळांमधील वर्णभेद त्याच न्यायालयाने एकमताने अवैध ठरवला तो १९५४ मध्ये. हार्लन यांच्या अल्पमताचा गौरव करताना एक गोष्ट सोयीस्करपणे वगळली जाते, ती म्हणजे त्याच निकालपत्रात चिनी वंशाच्या लोकांविषयी अवमानकारक मजकूर आहे. एका बाबतीत काळाच्या पुढे असलेला माणूस दुसऱ्या बाबतीत आपल्या काळाचा कैदी असू शकतो.

आणीबाणीत, २८ एप्रिल १९७६ रोजी, भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने चारविरुद्ध एक अशा मताने स्थानबद्धांना आपल्या सुटकेसाठी न्यायालयात दाद मागता येणार नाही असा निकाल दिला. विरोधातील एकमेव मत न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांचे होते. १९७७ च्या जानेवारीत त्यांची ज्येष्ठता डावलून दुसऱ्यांना सरन्यायाधीश नेमण्यात आले आणि त्यांनी राजीनामा दिला. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आणीबाणीतही जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क निलंबित करता येणार नाही अशी तरतूद झाली आणि २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताचा तो निकाल चुकीचा ठरवला. लिहून ठेवलेल्या अल्पमताचा उपयोग हा असा असतो: पुढे चूक दुरुस्त करू पाहणाऱ्याला युक्तिवाद आयता मिळतो, आणि ‘त्या काळी कोणाला हे सुचणेच शक्य नव्हते’ ही सबब उरत नाही.

असहमती दाखवण्यासाठी कायदा मोडणे समर्थनीय आहे का?

काही अटींवर आहे. कृती उघडपणे केलेली असावी, अहिंसक असावी, आणि तिची शिक्षा टाळण्याचा प्रयत्न नसावा. अमेरिकन लेखक थोरो १८४६ मध्ये कर न भरल्याबद्दल एक रात्र तुरुंगात राहिला. गांधीजींनी १९२२ च्या खटल्यात आरोप मान्य करून न्यायाधीशांकडे कठोरात कठोर शिक्षा मागितली आणि त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. शिक्षा स्वीकारल्यामुळे कायदा मोडणारा हा एकूण कायद्याच्या राज्याचा शत्रू नाही, त्याचा आक्षेप विशिष्ट अन्यायावर आहे, हे इतरांना दिसते.

काही असहमतीला कायदा मोडावाही लागत नाही. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, धार्मिक निष्ठेमुळे राष्ट्रगीत न गाणाऱ्या पण त्या वेळी आदराने उभ्या राहणाऱ्या शाळकरी मुलांना शाळेतून काढणे अवैध ठरवले. गप्प उभे राहणे हीदेखील भूमिका असू शकते.

भीतीमुळे गप्प राहणे हा भ्याडपणा आहे का?

नेहमीच नाही. गॅलिलिओवरील कारवाईची बातमी कळताच फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने आपला विश्वरचनेवरील ग्रंथ प्रसिद्ध करणे थांबवले. स्पिनोझाने १६७० मध्ये धर्म आणि राज्यसत्ता यांवरील ग्रंथ निनावी छापला, त्यावर प्रकाशकाचे व गावाचे नाव खोटे होते, आणि त्याचे ‘नीतिशास्त्र’ त्याच्या मृत्यूनंतर १६७७ मध्ये बाहेर आले. हौतात्म्याची सक्ती कोणावर करता येत नाही, आणि स्वतः सुरक्षित अंतरावर असणाऱ्याने तर ती मुळीच करू नये. मात्र न बोलणे आणि न पटलेले ठासून बोलणे यांत मोठे अंतर आहे. दुसऱ्याने वेगळे मत मांडल्यावर त्याच्यावर दगड मारणाऱ्यांत सामील होणे, याला भीतीची सबब पुरत नाही.

आपली असहमती विचारातून आली आहे की हट्टातून, हे कसे ओळखावे?

कोणता पुरावा मिळाला तर आपण मत बदलू, याचे उत्तर देता येते का, ते पाहावे. विरोधकाचे म्हणणे त्याला मान्य होईल अशा शब्दांत सांगता येते का, तेही पाहावे. प्रत्येकच विषयात आपण बहुमताच्या विरुद्ध असू, तर आपले मतही बहुमतावरूनच ठरते आहे, फक्त उलट दिशेने, अशी शंका घेण्यास जागा आहे.

संस्थांनी असहमतीसाठी जागा कशी ठेवावी?

पद निर्माण करणे हा एक मार्ग. कॅथलिक चर्चमध्ये एखाद्याला संतपद देण्यापूर्वी त्याच्या विरुद्धची बाजू मांडणारा अधिकारी १५८७ पासून असे. १९८३ च्या सुधारणेत या भूमिकेचे महत्त्व पुष्कळ कमी करण्यात आले. परंतु नेमून दिलेला विरोधक लोकांना नाटकी वाटू शकतो. ज्याला खरोखर पटलेले नाही त्याच्या बोलण्याने इतरांचा विचार अधिक हलतो, असे या विषयावरील प्रयोगांत आढळले आहे.

१९६१ मध्ये क्यूबातील ‘बे ऑफ पिग्ज’ मोहीम फसल्यानंतर, अध्यक्ष केनेडी यांचे सल्लागार आर्थर श्लेसिंजर यांनी बैठकांत आपण पुरेशा ठामपणे बोललो नाही याची खंत लिहून ठेवली. पुढच्याच वर्षी क्यूबातील सोव्हिएत क्षेपणास्त्रांचा पेच उभा राहिला तेव्हा केनेडी सल्लागारांच्या काही बैठकांना मुद्दाम गैरहजर राहिले. प्रमुखाने आपले मत शेवटी सांगणे किंवा काही काळ खोलीबाहेर राहणे हा उपाय फुकटचा आहे, आणि कदाचित म्हणूनच तो फारसा कोणी करत नाही.

असहमत लोकांच्या हाती सत्ता आली, की ते इतरांची असहमती सहन करतात का?

बहुधा करत नाहीत. इंग्लंडच्या अधिकृत चर्चशी न पटल्यामुळे प्युरिटन लोक मॅसॅच्युसेट्समध्ये आले आणि त्यांनी १६५९ ते १६६१ या काळात बॉस्टनला क्वेकर या दुसऱ्या ख्रिस्ती पंथाच्या चौघांना फाशी दिली. मेरी डायर ही त्यांपैकी एक होती. तिला एकदा फासाखालून परत पाठवण्यात आले होते. ती पुन्हा बॉस्टनला आली आणि १६६० मध्ये तिची शिक्षा अमलात आली.

अपवादही त्याच प्रदेशात सापडतो. याच वसाहतीने हद्दपार केलेल्या रॉजर विल्यम्स याने १६३६ मध्ये प्रॉव्हिडन्स वसवले आणि तेथे कोणालाही धार्मिक मतासाठी शिक्षा न करण्याचे तत्त्व ठेवले. क्वेकरांची शिकवण त्याला अजिबात पसंत नव्हती. १६७२ मध्ये, म्हातारपणी, त्याने त्यांच्याशी अनेक दिवस जाहीर वादविवाद केला आणि नंतर त्यांच्याविरुद्ध एक कडक ग्रंथही लिहिला. त्याच्या वसाहतीत क्वेकर तरीही राहत होते, सभा भरवत होते आणि सरकारी पदांवर निवडूनही येत होते.